सपाट डॉमिनिका

गुरुवार, दोहा. संध्याकाळचे सात.

हात दोनदा धुतला, तरी नखात वाळू आहेच.

ईराला शाळेत कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटाचं मॉडेल न्यायचंय. साइटवरून तापून घरी आलो, तर पोरीनं कणकेचं बेट पोळीसारखं सपाट लाटलेलं आणि त्यावर इथल्या समैस्माच्या किनाऱ्यावरची वाळू चिकटवलेली. डोंगर नाही, झाड नाही.

म्हटलं, "अगं, तिथं ज्वालामुखीचे डोंगर थेट समुद्रातून वर आलेत. दाट जंगल, धो धो पाऊस, जिकडेतिकडे नद्या. ही वाळू कसली?"

"बट इट्स ॲन आयलंड, बाबा. सँड असणारच ना."

सावंतवाडीच्या माणसाची पोर, आणि तिला डोंगर सुचू नये! तिला या वाळूत वाढवलं कुणी? मीच ना? मग मूठ कुणावर आपटली मी? बेटावर. एकदा नाही, तीनदा. कणकेच्या चिंधड्या झाल्या. चौथा फटका तिच्या पाठीत. "अहो, हात आवरा!" म्हणत बायको मध्ये पडली, तर तिलाही ढकललं.

ईरा रडली नाही. खाली बसून तुकडे गोळा करत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं. मी नुसता उभा, मुठीला वाळू. काहीतरी बोलायचं म्हणून तिची वही उचलून वाचली. त्यात लिहिलेलं, तिथं चक्रीवादळं येतात, घरांची छपरं उडतात.

"बापरे, कशी राहतात गं माणसं?" मी म्हटलं.

मान वर न करता म्हणाली, "दे गेट अ वॉर्निंग, बाबा."