तिसऱ्या चौकटीतले शब्द

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज आलं — विभूतीची वडी, वीस रुपये. शेंगदाणे दोन किलो, दोनशे साठ. रंजनीचा वेबसाइटचा तयार संच, अठराशे. पार्सल नाही, पुडा नाही, सगळं लॅपटॉपातच. अठराशे गेले आणि हाताला काही लागलं नाही म्हणून मी दोनदा विचारलं. सूनबाई हसली. "आत्या, वरची पाटी, फोटोंची ओळ, चौकशीचा फॉर्म, सगळे भाग तयार येतात. मी जोडायचे आन् आपला मजकूर भरायचा."

म्हणजे कापून आलेलं कापड. शिवण तेवढी आपली.

४ नोव्हेंबर

वेबसाइट करून द्यायचं तिचं पहिलं काम माहेरकडचं — वाशी गावचे मल्लिकार्जुनअण्णा, खवा-पेढ्याचं दुकान. पुण्याकडच्या गिऱ्हाइकांनी ऑर्डर द्यावी म्हणून वेबसाइट. नीट झालं तर आणखी दोन व्यापाऱ्यांना सांगतो म्हणालेत. पोरगी जेवायचं विसरते.

६ नोव्हेंबर

संचात एक भाग आहे, 'ग्राहक म्हणतात'. तीन चौकटी. आत आधीच कुणा परक्या बाईचा फोटो आणि कुणाचंच नसलेलं कौतुक! ते काढून आपलं भरायचं. अण्णांकडून दोनच गिऱ्हाइकांचे शब्द आले. मी म्हटलं, दोनच ठेव. "ओळ लंगडी दिसते, आत्या."

तिचा चेहरा बघवेना. ट्रंकेतून शिवम्माचं जुनं पत्र काढलं. धाकटी बहीण, आळंदला दिलेली. ओळ वाचून दाखवली — 'पेढा तोंडात टाकला आन् गाव आठवलं. डबा पोरांपासून लपवून ठेवलाय.' रंजनीनं लगेच तिसऱ्या चौकटीत घातली. खाली नाव : शिवम्मा, आळंद.

तो पेढा मी घरी केलेला होता. हे मी बोलले नाही.

७ नोव्हेंबर

पूजेत लक्ष नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

अण्णांचा फोन. "शिवम्माबाईंची ओळ लई झकास. ती सगळ्यात वर घाल, मोठ्या अक्षरात. उद्या चालूच करून टाकू." रंजनी खूश. संचात तशी मोठी पट्टीही तयारच आहे.

इष्टलिंग तळहातावर घेऊन बसले, पण डोळे मिटवेनात. उठले आणि तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी सांगायचं की, आत्या." ओळ तिथंच पुसली. अण्णांना फोन तिनंच केला. मला वाटलं, गेलं काम. अण्णा हसले म्हणे. "आगं, मग त्यांला आपला पेढा पाठवू की! खाऊन काय वाटलं ते लिहू दे. तोवर थांबतो, आठ दिवस."

रंजनी म्हणाली, "मावशींना फोन लावा."

शिवम्मा माझा फोन चार वर्षं उचलत नाही. रंजनी या घरात आली त्या लग्नाला अक्षत घेऊन तिच्या दारी कुणी गेलं नाही, फोनवर बोलावणं केलं. ती आलीच नाही. घरात सगळे तिलाच मानापानाची म्हणतात. मी ऐकून घेते.

११ नोव्हेंबर

वाशीहून पेढ्यांचा डबा आला. अर्धा किलो. ह्यांनी झाकण उघडू पाहिलं, मी हात धरला.

१२ नोव्हेंबर

डबा पोस्टात दिला. आत ही चिठ्ठी. नक्कल ठेवते.

चि. सौ. शिवम्मा हिस,
पेढे वाशीचे आहेत, माझ्या हातचे नाहीत. कसे लागले ते लिहिलंस तर सूनबाईचं काम होईल. चांगले नसले तर तसं लिही. खोटं नको, ते माझ्याकडून झालं आहे. लग्नाच्या वेळी 'फोनवर सांगितलं तरी चालेल' असं तू म्हणालीस, हे मी घरात सांगितलं होतं. तू म्हणाली नव्हतीस. जीपभाडं वाचवायला मी ते तुझ्या तोंडी घातलं. काल जेवताना सगळ्यांसमोर कबूल केलं. कुणी घास उचलला नाही.
पेढ्याचं राहू दे. अक्षत घेऊन यायची वेळ तर गेली. नुसती येऊ का? उलट टपाली कळव.