सोळापेक्षा बारा जास्त

भिसेगाव, मंगळवार, दिवेलागण

अजून डोक्यात बसत नाही. सोळापेक्षा बारा जास्त कसे?

माझी लेक मनाली कॉम्प्युटरवर बंगल्यांची चित्रं करून देते. त्यासाठी कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड हवं होतं, म्हणून दोघी खालापूरच्या दुकानात गेलो. दोन कार्डं पुढ्यात. एक सोळा जीबीचं, स्वस्त. दुसरं बारा जीबीचं आणि वर महाग. मी विचारसुद्धा केला नाही. "सोळाचं द्या," म्हटलं. मनाली म्हणाली, "चालेल गं, आई."

दुकानदारच म्हणाला, "ताई, लावून तर बघा." त्याने मनालीचं एकच चित्र दोन्ही कार्डांवर चालवलं. मी जपमाळ काढली. सोळावर चित्र पुरं होईस्तोवर दोन माळा झाल्या. बारावर अर्धीसुद्धा नाही. बोट मण्यावर तसंच राहिलं.

"जीबी म्हणजे नुसता पातेल्याचा आकार, आई. खालची आच वेगळी," मनाली हळूच म्हणाली.

"तुला ठाऊक होतं? मग 'चालेल' का म्हणालीस?"

"तू ठरवलं होतंस ना."

मागचं आठवलं. दहावीनंतर मी तिला सायन्स सोडून जवळचं कॉलेज घ्यायला लावलं, तेव्हाही 'चालेल' म्हणाली होती. पोरगी समंजस निघाली म्हणून मी देवापुढे साखर ठेवली होती.

बाराचंच घेतलं. येताना रिक्षात विचारलं, "आज पिठलं करू?"

"चालेल."

"खरं सांग."

तिने तोंड बाहेर वळवलं. मग म्हणाली, "मला पिठलं आवडत नाही गं."

तेवीस वर्षं करतेय मी.