खिडकीखालची हंगामी बाग

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. गुडघे खाली जातात, पण वर यायचं नाव घेत नाहीत. गेलं वर्षभर त्यांच्यात जेवढं वाकणं शिल्लक होतं तेवढं मी फुलांवर खर्च केलं.) तुमचा खांदा कसा आहे? व्यायाम शिकवायला येणारी मुलगी अजून येते, की तिचे शब्द सुधारून सुधारून तुम्ही तिलाच पळवून लावलंत? तुमचा धाकटा भाऊ मजेत आहे. सकाळी वर्तमानपत्र वाचतो, दुपारी ते तोंडावर घेऊन झोपतो आणि संध्याकाळी त्यातलंच मला ताजी बातमी म्हणून सांगतो. मी कशी आहे म्हणाल, तर मी जिंकले आहे! बाग वाचली, वन्सं. आमच्या खिडकीखालची जमीन माझ्याकडेच राहिली.

असं शेवटाकडून सांगितलेलं तुम्हाला खपत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आम्ही या तळमजल्यावरच्या घरात आलो ते मुळी त्या जमिनीच्या पट्टीसाठी. (हे म्हणतात, लिफ्ट नको म्हणून. म्हणोत बापडे.) बदलीच्या नोकरीत जन्म गेला, आणि प्रत्येक गावी आमच्या नशिबी वरचाच मजला. माझी बाग म्हणजे कठड्यावरचे दोन डबे, तेसुद्धा खालच्या बिऱ्हाडावर पाणी ठिबकतं म्हणून आत घ्यावे लागायचे. तुम्हाला माझ्या शाळेचं माहीतच आहे. मदर सुपीरियरच्या खोलीसमोर काय सुंदर वाफे होते! पण आम्ही मुलींनी हात मागे बांधून रांगेत उभं राहायचं आणि डोळ्यांनी बघायचं. फुलं आम्ही शिकलो ती वहीत, रंगखडूनं. मला 'क्रिसँथेमम'च्या स्पेलिंगबद्दल बक्षीस मिळालं होतं. ते क्रिसँथेमम म्हणजे आपली शेवंती, हे मला लग्नानंतर तुमच्याकडून कळलं, आणि त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला होतात. "आमची भावजय इंग्रजीत जांभई देते," हे तुमचं वाक्य तर सगळ्या नातेवाइकांत फिरलं. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, मला निदान जांभई तरी मराठीत यावी म्हणून धडपडणारं त्या घरात तुमच्याशिवाय कोण होतं?

तर खिडकीखालची पट्टी. खिडकीपासून फाटकापर्यंत लांब, रुंदीला एक मोटार जेमतेम मावेल एवढी. आणि हीच तिची गोची, कारण आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कुठलीही मोकळी जागा बघतात तेव्हा त्यांना तिथे आधी मोटार दिसते. त्यांना सगळे 'परिपत्रक' म्हणतात. लिफ्टमध्ये परिपत्रक, जिन्यात परिपत्रक, आणि परिपत्रकं फाडू नयेत असंही एक परिपत्रक. गेल्या वर्षीच्या सभेत त्यांनी जाहीर केलं की पट्टीवर सिमेंट घालून गाड्या लावायची सोय करायची, फक्त कंत्राटदार अजून मिळालेला नाही. मी उठून म्हटलं, त्यापेक्षा मी तिथे फुलं लावू का? त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "हंगामी बाग करायची असेल तर करा. हंगामी बागेला आमची हरकत नाही." मी भर सभेत त्यांचे इतके आभार मानले, इतके मानले, की ते ओशाळून खाली बसले.

पहिला हंगाम पावसाळा. जमीन खणायला घेतली तर खाली जमीन नव्हतीच. फुटक्या फरश्या, छत्रीची मूठ, एका पायातली चप्पल, नळाचा तुकडा, असा इमारतीचा सगळा इतिहास बाहेर आला. (दुसऱ्या पायातली चप्पल मी बरेच दिवस शोधत होते. सवय, दुसरं काय.) मग लाल माती आणली, शेणखत आणलं, आणि तेरडा नि कॉसमॉसचं बी पेरलं. पाऊस झाला, आणि वन्सं, काय कोंब आले म्हणून सांगू! एका बाजूला नाजूक, कातरलेल्या पानांची रोपं होती. पाकिटावरचं चित्र बघून मी ओळखलं की हाच कॉसमॉस. त्यांच्या मधेमधे जाडसर, करवती कडांच्या पानांचं काहीतरी माजलं होतं ते तण समजून मुळासकट उपटलं. नाजूक रोपांना काठ्यांचे आधार दिले, सुतळीनं बांधलं, रोज संध्याकाळी त्यांच्याशी दोन शब्द बोलले. ती कमरेएवढी झाली आणि त्यांना फुलं आली. बारीक, पांढरी, फुलं म्हणवत नाही अशी. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य शिंका द्यायला लागले. पेशंटच्या तोंडात आरसा धरलेला असताना शिंक येणं म्हणजे काय प्रसंग ते तुम्हीच बघा. शिंकतच ते खाली आले, माझा कॉसमॉस पाहिला, आणि नाक दाबून म्हणाले, "काकू, हे गाजरगवत आहे. याला लोक उपटतात. तुम्ही याला खत घालता?"

उपटलेला तो तेरडा होता, हे वेगळं सांगायला नकोच.

पण नशीब बघा! फाटकाजवळ, जिथे माझा हात पोचला नव्हता, तिथे तेरड्याची चार झाडं माझ्या देखरेखीवाचून वाढली आणि गुलाबी, जांभळी, पांढरी अशी बहरली. तेरड्याच्या पिकल्या बोंडाला बोट लावलं की ते टचकन फुटून बिया उडतात. रद्दीवाला, दूधवाला, दंतवैद्यांच्या बसायच्या खोलीतले सुजल्या गालांचे पेशंट, जो तो जाता येता एक बोंड फोडून जायचा. सुजल्या गालानं हसता येतं हे मला तिथे कळलं.

पाऊस सरला तसे परिपत्रक मोजपट्टी घेऊन हजर. म्हणाले, "बाई, मी हंगामी म्हणालो होतो." मी म्हटलं, "हो ना! म्हणूनच आता शेवंती आणली. पावसाळी हंगाम संपला, हिवाळी सुरू." त्यांनी माझ्याकडे बघितलं, शेवंतीच्या रोपांकडे बघितलं, मोजपट्टी सर्रकन आत ओढली आणि निघून गेले. कंत्राटदार तेव्हा मिळायचाच होता.

हिवाळ्यानं तर कमाल केली. मी वहीत रंगवलेलं सगळं त्या पट्टीवर उतरलं. पिटुनिया, डेलिया, पॅन्सी, आणि दोऱ्यांवर चढवलेले स्वीट पी. आता स्वीट पीला मराठीत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, म्हणून तुमच्या भावाला मी 'गोड वाटाणा' असं सांगितलं. तीच चूक झाली. ते रोज सकाळी वेलाखाली उभे राहून शेंगांची चौकशी करायला लागले. शेंगा आल्या आणि मी म्हटलं, या खायच्या नसतात, विषारी असतात, तेव्हा वर्तमानपत्राची घडी घालून म्हणाले, "मग याला गोड कशाला म्हणायचं?" मी म्हटलं, वासाला गोड. त्यावर त्यांनी दुपारची खुर्ची खिडकीशी ओढून घेतली. ती अजून तिथेच आहे.

आणि शेवंती! पिवळी, पांढरी, आणि एक तपकिरी तांबूस, जुन्या रेशमी पदरासारखी. पहिलं फूल पुरतं उमललं त्या सकाळी मी पट्टीवर उभी राहून मोठ्यानं स्पेलिंग म्हटलं. सगळं, एकही अक्षर न चुकता. मग हात मागे न बांधता त्या फुलाला हात लावला. फाटकापाशी परिपत्रकांची बायको उभी होती. मला वाटलं आता ही हसणार. ती हळूच म्हणाली, "मावशी, एक रोप मिळेल? यांना सांगू नका, मी ते न्हाणीघराच्या खिडकीत ठेवीन."

हिवाळा संपताना परिपत्रक पुन्हा आले. या वेळी सोबत कंत्राटदार होता. "बाई, हंगामी!" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "अगदी वेळेवर आलात. उन्हाळी हंगामाचा चिनी गुलाब आजच लावते आहे. पाय जरा बाजूला घ्या." कंत्राटदार फिस्सकन हसला. परिपत्रकांचे कान लाल झाले, डेलियाइतके. म्हणाले, "आता सभेतच बघू."

सभा गेल्या रविवारी झाली. आमचा चिनी गुलाब ऐन भरात होता. ऊन चढलं की त्याची फुलं उघडतात, अशी की कोणी रंगांचा डबा सांडून पळून गेलंय असं वाटावं. सभा त्याच्याच समोर, फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत. परिपत्रक उभे राहिले आणि म्हणाले, "सभासदहो, मी हंगामी परवानगी दिली होती. हंगामी म्हणजे तात्पुरती, कायम नव्हे, हे शाळेतलं पोरही सांगेल. बाईंनी वर्षभर सोसायटीची थट्टा केली आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. वन्सं, मी उठले. मी म्हटलं, "तुम्ही हंगामी बागेला परवानगी दिली, मी हंगामी बागच केली. पावसाळी हंगामाची, हिवाळी हंगामाची, उन्हाळी हंगामाची. यातला कुठला हंगाम कायम राहिला ते दाखवा, मी या क्षणी उपटते."

मग दंतवैद्य जोरात हसले (शिंकले नाहीत), मग दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई टाळी देत म्हणाल्या, "सेक्रेटरीसाहेब, शब्द तुमचाच आहे हो, गिळा आता!" आणि हसण्याचा नुसता गदारोळ. कोणीतरी म्हणालं, मतं घ्या. पहिला हात वर झाला तो परिपत्रकांच्या बायकोचा. ते तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, खाली कर!" "नाही करत. न्हाणीघरात तुम्हाला रोज सकाळी वास येतो तो साबणाचा वाटतो की काय?" मग तर हातच हात. मोटारवाल्यांचेसुद्धा. तुमचा भाऊ खिडकीतून दोन्ही हात वर करून उभा होता. मोजताना एकच धरला म्हणा, पण उभा होता.

त्या दिवसापासून मी म्हणजे इमारतीतली सगळ्यात हजरजबाबी बाई. जिन्यात लोक थांबवून सांगतात, "काकू, काय शब्द पकडलात!" वकीलबाई म्हणाल्या, असा युक्तिवाद त्यांनी कोर्टातही ऐकलेला नाही. इंग्रजीत जांभई देणाऱ्या तुमच्या भावजयीनं भर सभेत मराठी शब्दावर बाजी मारली, वन्सं. हे तुम्हाला कळवल्याशिवाय मला घास गोड लागेना.

खांद्याला जपा. औषध चुकवू नका.

तुमची,
विजयी भावजय

ता. क. — तुमच्यापासून काय लपवायचं. मी शब्द वगैरे काही पकडला नव्हता. हंगामी म्हणजे तात्पुरती, हे मला परिपत्रक सभेत बोलले तेव्हाच कळलं! मला तो शब्द बियांच्या पाकिटांवरून माहीत. तिथे 'हंगामी फुले' असंच छापलेलं असतं. वर्षभर मला खरोखर वाटत होतं की तो सज्जन माणूस ऋतुमानाप्रमाणे लागवड व्हावी म्हणून दर हंगामाला आठवण करायला येतो, आणि कंत्राटदाराला बाग दाखवायला घेऊन आलाय. मी एकदा त्यांना शेवंतीची फुलंसुद्धा देणार होते. तुम्ही मला कविता शिकवल्यात, व्याकरण शिकवलंत, पण सरकारी कागदातलं मराठी राहूनच गेलं, त्याला मी काय करू?

आणखी ता. क. — परिपत्रक सहजासहजी हार मानणारे नाहीत. त्यांनी ठरावाला एक शेपूट जोडलं आहे: 'शब्दाच्या अर्थाबाबत मराठीच्या जाणकार व्यक्तीचे मत घेण्यात येईल.' जाणकार कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा माझ्या तोंडून तुमचा फोन नंबर निघून गेला. 'मराठीच्या निवृत्त मुख्याध्यापिका' एवढंच सांगितलं, नातं सांगायचं राहिलं. या आठवड्यात त्यांचा फोन येईल. तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत आणि माझ्यासाठी बोलावं असं मी म्हणणार नाही. दोन्ही अर्थ सांगा. फक्त वर्गात सांगायचात तसे सांगा, म्हणजे मुळापासून. आधी शब्द कुठून आला, मग पेरणी, मग पिकं, मग ऋतू, मग उदाहरणं, मग त्यांच्याकडून एक वाक्य करून घ्या, ते चुकलं की पुन्हा करून घ्या. दुसऱ्या अर्थापर्यंत पोचायच्या आत ते फोन ठेवतील, याबद्दल माझी खात्री आहे. मी तुमची विद्यार्थिनी आहे.

शेवटचं — आणि फोन ठेवलाच नाही, तर सांगा की उरलेलं प्रत्यक्ष येऊन समजावते, आणि या. दर वेळी 'बघू' म्हणून टाळता, या वेळी टाळू नका. एकट्यानं खांद्याला मलम कसं लावत असाल, देव जाणे. खिडकीशेजारची खाट तुमच्यासाठी रिकामी केली आहे. तिच्यावर झिनियाच्या रोपांचे ट्रे होते, ते तुमच्या भावाच्या खाटेवर हलवलेत. तो कुठे झोपतो ते आल्यावर बघालच.