फर्स्ट क्लास हृदय

९ फेब्रुवारी २००४
कंपनी मला जूनमध्ये न्यू जर्सीला पाठवणार. त्याआधी मेडिकल. बिबवेवाडीतल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी स्टेथोस्कोप चार ठिकाणी लावून पाहिला. मग म्हणाले, हृदयात आवाज येतोय, टूडी एको करून घ्या. म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हल्ली फॅशनच आहे. धाप लागते का, विचारलं. नाही म्हणालो. जिन्यात लागते, पण तो दोष सोसायटीचा. लिफ्ट दुरुस्त करत नाहीत.

१४ फेब्रुवारी
एको झाला. डाव्या कुशीवर झोपवून छातीवर गारेगार जेल फासलं. हृदयतज्ज्ञ डॉ. नासिर स्क्रीनकडे बघत होते. मधेच त्यांनी आवाज सुरू केला. माझ्याच रक्ताचा. हुश्श, हुश्श. ओल्या अंगणात कुणी खराटा मारावा तसा. म्हणाले, झडप नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतंय, गळती मोठी आहे, सर्जनना दाखवा.

पण रिपोर्टात स्वच्छ लिहिलंय, ई.एफ. बासष्ट टक्के. म्हणजे हृदय रक्त बाहेर किती ढकलतं त्याचे मार्क. साठच्या वर फर्स्ट क्लास. मला बी.एस्सी.लासुद्धा अठ्ठावन्न होते. शालनला फक्त टक्के सांगितले. बायकोला उगाच घोर कशाला लावायचा. तिने विचारलं, पेढे आणायचे का.

२ मार्च
तो आवाज पिच्छा सोडत नाही. आज मीटिंगमध्ये एसी सारखा हुश्श हुश्श करत होता. साईला म्हणालो, बंद कर तो. साई माझा ज्युनियर, गुणी मुलगा. म्हणाला, सर, एसी सकाळपासून बंदच आहे. मी पुढची स्लाइड घेतली.

२१ मार्च
उद्यापासून रोज तळजाई टेकडी. चालणं हेच औषध.

२२ मार्च
टेकडीच्या पायथ्याशी बूट चावायला लागला. परत आलो.

१८ एप्रिल
डॉ. नासिरांनी फोन करून बोलावलं. आत्ता ऑपरेशन केलं तर स्वतःची झडप दुरुस्त होईल, उशीर केला तर नाही. मी बासष्ट टक्क्यांची आठवण करून दिली. तर म्हणाले, त्यात मागे फिरणारं रक्तही धरलंय, ते तुमच्या काही कामाचं नाही. थोडक्यात, मार्क फुगवलेले. मग मार्क द्यायचेच कशाला, असं विचारलं. ते म्हणाले, आपण रिपोर्टचं दुसरं पानही वाचावं. माणूस पक्का पुणेरी.
निर्णय: अमेरिकेहून आल्यावर बघू.

११ मे
आता घरातही. नळाखाली हुश्श. कुकरमध्ये हुश्श. फोन कानाला लावला तर डायलटोनच्या मागे तोच खराटा. माझे वडील, आण्णा, आठवले. जाण्याआधी त्यांना झोपताना दोन उशा लागायच्या, आडवं झालं की जीव घाबरायचा. मी तीन घेतो. पण आमच्या उशा पातळ आहेत.

३ जून
व्हिसा आला. आनंदाच्या भरात जिना भरभर चढलो आणि दुसऱ्या मजल्यावर बसलो. ओठ बधिर. शालन भाजीच्या पिशव्या घेऊन मागून आली, तीही पायरीवर बसली. म्हणाली, रिपोर्ट तिने फेब्रुवारीतच वाचलाय, दोन्ही पानं. मी आपणहून कधी सांगतोय याची वाट बघत होती. मला रडू आलं. ऑफिसची दगदग फार होते.

५ जून
पुन्हा एको. शालन शेजारी उभी. ई.एफ. अठ्ठेचाळीस. सेकंड क्लास म्हणजे नापास नव्हे, असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही. आता दुरुस्ती होणार नाही, धातूची झडप बसवावी लागेल. शालनने माझा हात इतका घट्ट धरला की दुखला. मी मुळीच घाबरलेलो नाही. फक्त निघताना शर्ट उलटा घातला गेला.

२ ऑगस्ट
घरी आहे. खराटा थांबला. त्याऐवजी नवी झडप मिटताना टक टक वाजते, घड्याळासारखी. खोली शांत असली की शेजारी बसलेल्यालाही ऐकू येते.

संध्याकाळी साईचा न्यू जर्सीहून फोन. माझ्या जागी तो गेलाय. माझीच खुर्ची, माझाच प्रोजेक्ट. मी मनापासून अभिनंदन केलं. फोन ठेवून शालनला सांगितलं, मला काडीचंही वाईट वाटलं नाही, उलट बरंच झालं.
ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, अहो, वाढलीय टकटक.