तुझ्या लोखंडी कढईतली भाजी

माय, तुझी लोखंडी कढई अजून माझ्याकडे आहे. आश्रमशाळेतल्या पोरांचा स्वयंपाक उरकून तू घरी यायचीस आणि आमची भाजी तिच्यातच टाकायचीस, कारण शाळेत आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लोखंडानं रक्त वाढतं. मी फिकट, आणि धाकटा भाऊ तर पांढराफटक, पोट फुगलेलं. मी तोंड वाकडं केलं की तू म्हणायचीस, "मुकाट्यानं खा. रगत काई बजारात भेटत नाई." धाकटा बिचारा ताट चाटूनपुसून खायचा, तरी गेला. भामरागडच्या दवाखान्याचा रस्ता तेव्हा पाण्याखाली होता, म्हणून तू जन्मभर नदीला शिव्या दिल्यास.

दोष नदीचा नव्हता, कढईचाही नाही. परवा गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी समजावलं. रक्तातलं प्रथिन कसं करायचं, याचा निरोप शरीरात लांबलचक निघतो. त्यातलं नको ते कापून कामाचे तुकडे जोडायचे असतात. तू वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, चिरायचीस ना, टणक पेर फेकायचं, कोवळं ठेवायचं, तसंच. आपल्या घरात त्या निरोपातल्या कापायच्या खुणेजवळचं एकच अक्षर बदललंय. मग सुरी भलतीकडे चालते, टणक तुकडा आत राहतो आणि प्रथिन नीट बनत नाही. हे अक्षर एकाच बाजूनं आलं तर माझ्यासारखं निभतं. आईबाप दोघांकडून आलं तर धाकट्यासारखं होतं. आता अशी मुलं रक्त चढवून जगतात, पण जन्मभर चढवावं लागतं.

माझ्या लेकीत ते बदललेलं अक्षर आहे आणि जावयातही. तिला तिसरा महिना आहे. बाळाच्या तपासणीचा नमुना नागपूरला गेलाय. निकाल फोनवर कळणार, म्हणून मी फोन जवळच घेऊन फिरते. देवाकडे काय मागावं, तेही सुचत नाही.

काल मी कढईत भाजी परतत होते. लेक शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "आई, आजीले आधीच समजलं असतं, तं मामाले होऊ देलं असतं का तिनं?"

"मले काय मालूम," मी म्हणाले.

धाकट्याला पुरून आलो त्या दिवशी शेजारीण म्हणाली होती, असा जन्मलाच नसता तर बरं झालं असतं. तू तिला घराबाहेर काढलंस. "जेवढा भेटला तेवढा माहाच होता," म्हणालीस. मी दारातच उभी होते.

हे लेकीला सांगितलं नाही. तुझ्या शब्दाचं ओझं तिच्यावर पडेल, याची भीती वाटली. तुझं उत्तर मला मालूम होतं, माय.