जिवंत माती

४ मार्च
पोहोचले. माझी खोली दादाच्या खोलीला लागून. खिडकी उघडली की समोर गवताचे वाफे. या संशोधन केंद्रात आम्ही चौघंच: गवताचा अभ्यास करणाऱ्या बाई, माळी, दादा आणि आता मी. दादानं शब्द टाकला म्हणून काम मिळालं. माळी म्हणाला, दोघं एकाच माळेचे मणी दिसता. दादा म्हणाला, मणी मी, ही मधली गाठ. बाईसुद्धा हसल्या. इथे मला करमेल.

६ मार्च
काम समजलं. बाहेरून आलेलं गवत इथलं गवत संपवत चाललंय. बाई सांगत होत्या, ते एकटं येत नाही. त्याच्या मुळांत बुरशी राहते. केसाहून बारीक धागे लांबवर सोडते, पाणी आणि खत ओढून आणते. बदल्यात गवत तिला साखर देतं. आम्ही निम्मी माती भट्टीत वाफवून बुरशी मारतो. मेलेल्या मातीत गवत बोटभर वाढतं, जिवंत मातीत कमरेइतकं.
मुळं धुताना हातमोजे घालायचे नाहीत, धागे तुटतात. पाती धारदार. हात कापला की वाफवलेली माती दाबायची, ही इथली सवय. रक्त थांबतं.

९ मार्च
दादाचा तळहात खोल कापला. ओट्यावर दोन ट्रे होते. हाताला लागली ती माती मी दाबली. रक्त थांबलं. म्हणाला, चिमे, डॉक्टरीण व्हायची राहिलीस.

१० मार्च
जिवंत मातीच्या ट्रेमध्ये माझ्या बोटांचा खड्डा आहे.
कुणाला सांगितलं नाही. दादालाही नाही. त्याची जखम भरलीय. एका रात्रीत. खपलीही नाही.

१३ मार्च
दादा जेवत नाही. नुसती साखर खातो. तळहातापासून मनगटापर्यंत कातडीखाली पांढऱ्या रेषा. बाईंना दाखव म्हटलं, तर अंगावर आला. असा कधीच येत नाही.

१५ मार्च
सकाळी कापणी होती. माळ्यानं विळा लावला आणि दादा कळवळला. थांब, दुखतंय. माळी हसला, गवताला रे कधीपासून दुखायला लागलं? त्यानं दुसरी मूठ धरली. दादानं विळा हिसकावून त्याच्या मानेत घातला. तीनदा. बाई मध्ये पडल्या. आधी त्यांची बोटं गेली. मग पोट. मी दादाच्या डोक्यात फावडं घातलं.
माळी मेला. बाई बराच वेळ —
त्याही.
फोन केला तर दादाला नेतील. माती मी लावली.

१५ मार्च, दुपार
त्याला भट्टीशेजारी बांधलंय. शुद्धीवर आला. रडतोय. हा माझाच दादा. रेषा कोपरापर्यंत. ट्रेचं सांगून टाकलं. म्हणाला, वेडाबाई, तेव्हाच बोलायचंस. मग भट्टीकडे बघत राहिला. म्हणाला, मातीतली बुरशी मरते ना.
त्याचा हात भट्टीच्या दारातून आत घातला. फटीत ओलं गोणपाट कोंबलं. चावी फिरवून वाफ सोडली. मातीला देतो तेवढीच.
कातडी मोज्यासारखी निघाली. रेषा काळ्या पडल्या. तो शुद्धीत आहे. दादाच आहे. वाचेल.

१६ मार्च
नाही वाचला हात. रेषा पुढे — खांद्यावर.
खांदा आत. ओरडताना दात तुटला.

काळ्या पडल्या. दहा मिनिटं बरा. पाणी मागितलं. मग मला चावायला —
गळ्यावर पांढरी रेघ.

बाहेर बाई पडल्या तिथे गवत कमरेला. एका दिवसात.

परत दादा. म्हणतो, आता मीच आहे, पुन्हा असेन की नाही माहीत नाही. उरकून टाक. मान आत घे.
मी नाही म्हटलं. म्हणाला, माळ्याला दोन पोरी आहेत. मला पुन्हा कुणाला मारायचं नाही.

दोर सोडला. स्वतःच वाकला. गोणपाट मी नीट बसवलं, गळ्याभोवती.
आतून आवाज घुमतो. डोळे मीट म्हणतो, चिमे, आणि चावी फिरव.
फिरवते, दादा, फिरव—