सोमवारच्या यादीतलं नाव

लीड्स
१२ ऑक्टोबर

प्रिय सुलूताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून धसका घेतला असशील तर आधी सांगतो, इकडे सगळे ठीक आहेत. कुणी गेलेलं नाही. उलट या घरात मेलेली समजली जाणारी एक व्यक्ती जिवंत निघाली आहे, आणि ती तू आहेस. सव्वीस वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या भावानं असं कोड्यात बोलू नये, पण अण्णांसारख्या बापाच्या हाताखाली संस्कृत शिकलेल्या माणसाला सरळ वाक्यावर यायला दुसरं पान उजाडतं, हे तुला माहीत आहे. शेवटी तुझ्याकडे एक मागणं आहे. ते इथेच लिहिलं तर तू पुढचं वाचायची नाहीस. ग्लासगोचा पत्ता वैजयंतीनं दिला. माझ्या बायकोकडे तो कसा, हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

नील आता अठ्ठावीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्यानं लग्न केलं. आमची सून जॅनेल लीड्सचीच, कौन्सिलमध्ये प्लॅनिंगला असते. तिची आजी त्रिनिदादहून इथे नर्स म्हणून आली होती, आणि त्या आजीकडून जॅनेलनं पितरांची पूजा घेतली आहे. ही रीत मुळात पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची. गुलाम म्हणून जहाजातून नेलेल्या माणसांना सोबत काहीच नेता आलं नाही, त्यामुळे जे डोक्यात मावलं तेवढंच त्रिनिदादला पोचलं आणि तिथून आमच्या गल्लीत आलं. नील मला हे सांगताना फार जपून बोलत होता. मला धक्का बसेल अशी त्याला भीती. मी म्हटलं, अरे, ज्या माणसानं बापाच्या नावानं तीळ-पाणी सोडायला थर्मल घालून बागेत उभं राहायचं ठरवलं, त्याला तू कसले धक्के देतोस.

त्यांच्या जेवणाच्या खोलीत, खिडकीखाली, जॅनेलचा कोपरा आहे. जमिनीवर पांढरं कापड, त्यावर पाण्याचे ग्लास, एक मेणबत्ती आणि गेलेल्यांचे फोटो. दर सोमवारी कामावर जायच्या आधी ती फिती बांधलेली एक काठी जमिनीवर आपटते, म्हणजे पितरांना कळावं की बोलावणं आलंय. मग एकेकाचं नाव घेते आणि प्रत्येक नावाला थोडं पाणी सोडते. नावामागून बाकीच्यांनी ‘आशे’ म्हणायचं. हे आपलं तथास्तुच, फक्त पोटातून म्हणायचं. ज्याला जे आवडायचं ते त्याच्यापुढे ठेवतात. तिच्या आजीच्या रीतीनं त्यात मीठ नसतं. अण्णांसाठी भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ असतो. आयुष्यभर परान्न वर्ज्य केलेला माणूस दर सोमवारी नातसुनेच्या हातचं घेतो आणि कुरकुर करत नाही. मी तर म्हणेन, सुधारला.

या कोपऱ्याचा एक नियम मात्र कडक आहे. जिवंत माणसाचा फोटो तिथे लावायचा नाही आणि जिवंत माणसाचं नाव त्या ओळीत घ्यायचं नाही. त्यानं त्या माणसाला अपाय होतो असं ती मानते.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिनं माझ्याकडे आपल्या घरच्या मृतांची यादी मागितली. मी हुरळून गेलो. तर्पणाला तीन पिढ्या पुरतात, मी सात दिल्या, गोत्रासकट. या देशात चौतीस वर्षं काढली, पण मला माझं गोत्र विचारणारी ही पहिलीच. यादीत तुझं नाव मी लिहिलं नव्हतं. ते नीलनं तळाशी घातलं, आणि कराडच्या घरासमोर दोन वेण्या घालून उभी असलेला तुझा फोटो अल्बममधून काढून नेला. कारण त्याच्या लेखी तू मेलेली होतीस. मीच त्याला तसं सांगितलं होतं.

तो सहा वर्षांचा होता. फोटोतली मुलगी कोण, विचारलंन. मी म्हटलं, तुझी आत्या, आजारी पडली आणि वारली. कशानं, तर टायफॉइडनं. पॅथॉलॉजीतल्या माणसाला याहून बरा आजार सुचला नाही. वैजयंती कणीक मळत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मळत राहिली. त्यानं पुढे काही विचारलं नाही, आणि मीही ते दुरुस्त केलं नाही.

तसं का सांगितलं, याचं कारण तुला सांगायला हवं, कारण तू तेव्हा तिथे नव्हतीस. तुझं पत्र आलं त्या आठवड्यात अण्णा आमच्याकडे राहायला होते. पत्रात तू लिहिलं होतंस की मिलिंदशी रजिस्टर लग्न केलं. लेकीनं सातासमुद्रापार येऊन नवरा केला तो मलकापूरचा, आपल्या घरापासून सायकलनं वीस मिनिटांवरचा, हेच त्यांना सोसलं नाही. गोरा केला असतास तर वर्षभरात जावयाचं कौतुक सांगत फिरले असते. मिलिंदची जात त्यांनी तोंडानं उच्चारली नाही. ते उठले आणि तुझ्या नावानं आंघोळ करायला गेले. आमच्या बाथरूममध्ये तेव्हा कार्पेट होतं आणि बादली नव्हती. अंगावरच्या कपड्यांनिशी ते शॉवरखाली उभे राहिले, पाणी जिन्यापर्यंत आलं. पंधरा दिवस घरात ओल्या कुत्र्याचा वास होता. बाहेर आले तेव्हा थरथरत होते. मी त्यांना टॉवेल दिला. एवढंच मी केलं. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला तोही घेतला नाही, आणि पुढे ते गेले तेव्हा तुला कळवलंही नाही. जिच्या नावानं आंघोळ झाली, तिला सुतक कळवायचं का, यावर शास्त्रार्थ करता आला असता. मी तोही केला नाही, गप्प बसणं सोपं होतं.

जॅनेलचा कोपरा लागल्यावर मी अधूनमधून सोमवारी तिथे जाऊन उभा राहायचो. सगळ्यात शेवटी तुझं नाव यायचं, सुलक्षणा. ती ते अगदी नीट म्हणायची, ‘क्ष’सकट, त्यासाठी नीलकडून महिनाभर घोटून घेतलंन. तुझ्यापुढे लिंबाच्या आंबटगोड गोळ्या असायच्या. तुला काय आवडायचं हे नीलनं मला विचारलं तेव्हा मी क्षणभरही न थांबता सांगितलं होतं. तर ताई, दोन वर्षं तुझ्या नावानं पाणी सोडलं जात होतं आणि जिवंत बहिणीच्या नावापुढे मी सगळ्यांबरोबर ‘आशे’ म्हणत होतो. प्रत्येक वेळी ठरवायचो की पुढच्या सोमवारी सांगू.

गेल्या महिन्यात ते सांगावंच लागलं. जॅनेलला दिवस गेलेत, फेब्रुवारीत बाळ येईल. मुलगी आहे. त्यांच्याकडे जेवायला बसलो असताना नील म्हणाला की आम्ही तिचं नाव सुलक्षणा ठेवतोय. जॅनेल म्हणाली, आमच्यात गेलेलं माणूस घरातच परत येतं, आणि ज्यांचं नाव मी दर सोमवारी घेते त्यांतल्या या आत्याच तेवढ्या तरुणपणी गेल्या, त्यांचं जगायचं राहिलंय. वैजयंतीनं डाव भांड्यात ठेवला आणि म्हणाली, आता तुम्ही सांगताय की मी सांगू.

मी सांगितलं. आंघोळ, टॉवेल, टायफॉइड, सगळं. नील उठून बाहेर गेला. जॅनेलनं आधी विचारलं की त्या बऱ्या आहेत का, या दोन वर्षांत त्यांना काही झालं का. मला माहीत नाही म्हटल्यावर ती कोपऱ्याशी गेली, तुझा फोटो उचलून छातीशी धरला, तुझ्या वाटणीचं पाणी मागच्या झाडाला घातलं आणि जमिनीला हात लावून बराच वेळ पुटपुटत राहिली. पितरांची माफी मागत होती, माझ्या वतीनं. मग येऊन माझ्यासमोर बसली. तिच्या पणजीची आई बेस्सी, तिच्या आधीचं एकही नाव यांना ठाऊक नाही. तिथे ती ‘ज्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत ते सगळे’ असं म्हणून पाणी सोडते. ती मला म्हणाली, “बाबा, आमची नावं दुसऱ्यांनी पुसली. तुमच्याकडे सात पिढ्या लिहिलेल्या आहेत, आणि त्यातलं जिवंत माणूस तुम्ही स्वतःच्या हातानं पुसलंत.”

नील तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मी तेवढ्यात अण्णांची जुनी पुस्तकं काढून बसलो. माझी सवय तुला माहीत आहे, घर पेटलं तर आधी टीका वाचतो. धर्मशास्त्रात जिवंत माणसाला मेलेला ठरवून त्याच्या नावानं पाणी सोडण्याचा विधी आहे, तो अण्णांनी आपल्याला शिकवला होता. त्याला परत घेण्याचाही आहे. नातलगांनी त्याच्याबरोबर एकत्र स्नान करायचं आणि नवा भरलेला घडा पाण्यात सोडायचा. जेमतेम दोन श्लोक आहेत, लगेच पुढच्याच पानावर. ते पान त्यांनी आपल्यासमोर कधी उलटलं नाही, आणि ते गेल्यावर पंधरा वर्षं पुस्तक माझ्याच कपाटात होतं, तरी मीही उलटलं नाही. क्षमेची स्तोत्रं मला डझनभर पाठ आहेत, त्यातलं एकही इथे बसत नाही. मी चुकलो, ताई. मिलिंदरावांचीही माफी मागायची आहे, पण ती पत्रात मागू नये एवढं कळतं.

आता मागणं. सुलक्षणा हे नाव बाद झालं, कारण जिवंत माणसाचं नाव ठेवायचं नाही याबाबत त्यांचं शास्त्र आणि आपलं शास्त्र एक आहे. नवं नाव ठरलंय, पण मला सांगत नाहीत, माझी सध्या तेवढी पत नाही. योरुबा रीतीनं आठव्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांनी बाळाच्या ओठांना पाणी आणि मध लावून नाव द्यायचं असतं. आपल्याकडे ते कानात सांगायचं असतं, आणि ते काम आत्याचं. नीलला बहीण नाही. परवा तो आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, माझी आत्या आहे ना, तिला विचारा. त्याचं स्वतःचं नाव त्याच्या कानात तू सांगितलं होतंस, हे मी त्याला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. तुझी ट्रेन दोन तास लेट होती आणि तोवर पाळणा थांबवून ठेवला होता. फेब्रुवारीतही थांबवू. तू यावंस एवढंच मागायला हे पत्र आहे. यायचं नसेल तर तेही मी समजेन, पण मग दोन ओळी तरी पाठव, तू बरी आहेस अशा, तुझ्या अक्षरात. जॅनेलला त्या हव्या आहेत. तू जिवंत आहेस असं मी तिला सांगितलंय, पण माझ्या शब्दावर ती आता विसंबत नाही.

तुझाच, तू ठेवशील त्या नात्यानं,
उल्हास